मुलांच्या चित्रपटसंध्येसाठी ‘झपाटलेला’ की ‘अशी ही बनवाबनवी’?

गच्चीवरची:

नमस्कार. आमच्या सोसायटीत दर मे महिन्यात एका शनिवारी गच्चीवर पडदा लावून मुलांना एक चित्रपट दाखवला जातो आणि यंदा तो निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. चित्रपट मराठी हवा आणि विनोदी हवा, या दोन अटी बैठकीत एकमताने ठरल्या, कारण गेल्या वर्षी आणलेला डब केलेला कार्टूनपट निम्म्या मुलांनी आधीच घरी पाहिलेला होता आणि मध्यंतरानंतर गच्चीवर फक्त पालक आणि आइस्क्रीमचे रिकामे कप उरले होते.

चर्चेअंती दोन नावे शिल्लक राहिली आहेत. एक, सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेला 1988 सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ आणि दुसरे, महेश कोठारे यांचा 1993 सालचा ‘झपाटलेला’. दोन्हींत लक्ष्मीकांत बेर्डे आहेत, दोन्ही आम्हा पालकांना तोंडपाठ आहेत, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे. परवा रात्री मुले झोपल्यावर मी हातात वही घेऊन ‘झपाटलेला’ लावला. मुलांना काय खटकेल, काय कळणार नाही, कशाची भीती वाटेल, हे टिपून घ्यायचे ठरवले होते. पण अर्ध्या तासाने पाहिले तर वही कोरी होती आणि मी पडद्यावरच्या पात्रांच्या बरोबरीने संवाद म्हणत होते. जो चित्रपट आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, तो आपल्या मुलांच्या डोळ्यांनी पाहणे मला तरी जमलेले नाही.

प्रेक्षकांविषयी थोडे सांगते. पंचवीसेक मुले असतील. सर्वांत धाकटा साडेचार वर्षांचा आहे आणि सर्वांत मोठी मुलगी तेराची. माझा मुलगा सात वर्षांचा असून मुलगी अकराची आहे. पडदा अंधार पडल्यावर, म्हणजे साडेसातच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे चित्रपट संपताच मुले थेट अंथरुणात जातात.

बैठकीत एका काकांनी ‘विनोदी आहे ना, मग त्यात तपासायचे काय?’ असे विचारले आणि विषय तिथेच मिटवला. मला मात्र तो मिटलेला वाटत नाही. विनोदी चित्रपट मुलांसाठी योग्य आहे की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता? प्रमाणपत्रावर किती विसंबावे? आणि या दोहोंपैकी कोणता चित्रपट घ्यावा?

जुना प्रेक्षक:

ताई, आमच्या पिढीने दोन्ही चित्रपट आजी-आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहिले, आणि आमचे कोणाचेही काही बिघडल्याचे स्मरत नाही. हल्लीची मुले मोबाइलवर काय काय पाहतात याचा विचार केला, तर ‘झपाटलेला’तला बाहुल्यात शिरलेला गुंड तात्या विंचू त्यांना सोवळाच वाटेल. माझे मत ‘झपाटलेला’ला. मुलांना थोडी भीती वाटावी, त्यांनी ओरडावे, एकमेकांना बिलगावे आणि मग हसावे, हाच तर गच्चीवर चित्रपट पाहण्याचा आनंद आहे. इतका विचार करून चित्रपट निवडायचा झाला, तर शेवटी वनस्पतींच्या वाढीवरील माहितीपट तेवढा शिल्लक राहील.

माळ्यावरची पेटी:

जुना प्रेक्षक यांचा अनुभव खरा असेल, परंतु ‘आमचे कोणाचेही’ या शब्दांत मी येत नाही, म्हणून लिहितो.

मी ‘झपाटलेला’ पाहिला तेव्हा सहा वर्षांचा होतो. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या घरी सगळी भावंडे ओळीने बसली होती आणि मोठी मुले हसत होती म्हणून मीही हसत होतो. आमच्या आईला आजही तेच आठवते. ‘तू तर खदखदा हसत होतास,’ असे ती म्हणते. त्यानंतर साधारण वर्षभर मी मामाच्या घरी माळ्याखालच्या खोलीत एकटा गेलो नाही, कारण तिथे मामेबहिणीची एक मोठी बाहुली होती आणि तिचे डोळे आडवे केल्यावर मिटत असत. भीती वाटते हे सांगायची सोय नव्हती. विनोदी चित्रपटाला घाबरलास, असे म्हणून सगळ्यांनी फिदीफिदी हसायला सुरुवात केली असती. भयपट पाहून घाबरलेल्या मुलाला निदान घाबरण्याची परवानगी असते. विनोदी चित्रपट पाहून घाबरलेल्या मुलाला तीही नसते.

आता मोठेपणी विचार करताना वाटते की, त्या चित्रपटात मला बाहुल्याइतकीच आणखी एका गोष्टीची भीती वाटली असावी. बाहुला जिवंत आहे, तो आपल्या जिवावर उठला आहे, असे लक्ष्या जीव तोडून सांगत राहतो आणि कोणीही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. प्रेक्षकाला ते हास्यास्पद वाटावे अशीच त्या प्रसंगांची मांडणी आहे, आणि बेर्डे यांनी ती गडबड इतकी सुंदर केली आहे की मोठ्या माणसाला हसू आवरत नाही. पण ज्याचे बोलणे घरात रोजच ‘काहीतरीच काय!’ म्हणून उडवून लावले जाते, त्या सहा वर्षांच्या मुलाला त्यात विनोद दिसेलच असे नाही.

चित्रपट वाईट आहे, असे मी म्हणत नाही. बाराव्या वर्षी पुन्हा पाहिला तेव्हा तो मला अतिशय आवडला आणि आजही आवडतो. तुमच्या साडेचार वर्षांच्या प्रेक्षकासाठी मात्र माझे मत स्पष्ट नकाराचे आहे.

नियमावलीवाला:

प्रमाणपत्रावर किती विसंबावे, या प्रश्नापुरते लिहितो. या क्षेत्राशी माझा काही काळ कामानिमित्त संबंध आला होता.

आपल्याकडे चित्रपटांचे प्रमाणन 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार होते. ‘यू’ म्हणजे कोणीही पाहावा असा आणि ‘ए’ म्हणजे केवळ प्रौढांसाठी, अशा दोनच मुख्य वर्गवाऱ्या पूर्वी होत्या. 1983 पासून त्यांच्या मध्ये ‘यूए’ आली. बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा तिचा अर्थ होता. त्याच वेळी डॉक्टरांसारख्या विशिष्ट प्रेक्षकवर्गासाठी ‘एस’ ही चौथी वर्गवारीही आली, पण तिचा आपल्या प्रश्नाशी संबंध नाही. 2023 च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ‘7+’, ‘13+’ आणि ‘16+’ असे तीन भाग पाडले आणि 2024 च्या नियमांनी ते प्रत्यक्षात आणले. तुमचे दोन्ही चित्रपट या विभागणीच्या कितीतरी आधीचे असल्यामुळे त्यांच्या मूळ प्रमाणपत्रात सात आणि तेरा वर्षे असा भेद सापडणार नाही. म्हणजे तुमच्या गच्चीवर ज्या वयांच्या सीमारेषा महत्त्वाच्या आहेत, त्यांविषयी ते प्रमाणपत्र काहीच बोलत नाही.

वेबवरील मंचांची, म्हणजे ओटीटीची, व्यवस्था वेगळी आहे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तेथे वयाची वर्गवारी मंच स्वतःच करतो, आणि हिंसा, भाषा, भीतिदायक दृश्ये अशी कारणेही प्रेक्षकाला दिसतील अशा रीतीने द्यावी लागतात. त्यामुळे एखादा जुना चित्रपट तेथे उपलब्ध असेल, तर मूळ प्रमाणपत्रापेक्षा ती एक ओळ पालकांना अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश देता येत नाही, परंतु ‘यूए’पुढे लिहिलेले वय हे केवळ पालकांच्या विचारासाठी आहे. ते पाळले जाते की नाही हे दुसऱ्या कोणी पाहावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. तसे 2023 च्या दुरुस्तीत स्पष्टपणे लिहिलेले आहे. थोडक्यात, कायद्याने चेंडू तुमच्याच अंगणात ठेवला आहे.

प्रमाणन मंडळाची, म्हणजे सेन्सॉर बोर्डाची, मार्गदर्शक तत्त्वे 1991 ची आहेत आणि ती जरूर वाचण्यासारखी आहेत. चित्रपटाचा एकूण परिणाम पाहावा, असे ती सांगतात. हलक्या अभिरुचीला आवाहन करणाऱ्या द्व्यर्थी शब्दांना त्यांत मनाई आहे आणि शारीरिक वा मानसिक अपंगत्वाची टिंगल करणाऱ्या दृश्यांनाही आहे. पण ‘एकूण परिणाम’ म्हणजे कोणावर होणारा परिणाम? परीक्षण करणारी मंडळी प्रौढ असतात, ती चित्रपट एका बैठकीत आणि अखेरपर्यंत पाहतात, आणि दुष्टाचा शेवटी नाश झाला हे त्यांच्या हिशेबात जमा होते. साडेचार वर्षांचे मूल बहुधा त्या शेवटापूर्वीच आईच्या मांडीवर झोपी गेलेले असते. त्याच्यापुरता चित्रपट तेथे संपतो, आणि बाहुला जिवंतच राहतो.

जुना प्रेक्षक:

बाहुला जिवंतच राहतो, हा मुद्दा मात्र मला पटला. माझा नातू कोणताही चित्रपट शेवटपर्यंत पाहत नाही.

फळा आणि खडू:

मी प्राथमिक शाळेत बावीस वर्षे शिकवले आहे. भीतीविषयी वर चांगले लिहिले गेले आहे, त्यात थोडी भर घालून मग हसण्याकडे वळते, कारण माझ्या मते अधिक काळजीपूर्वक तपासायची गोष्ट ती आहे.

मुलांना पडद्यावरील कशाची भीती वाटते, यावर जोअॅन कँटर या अमेरिकी संशोधिकेने दीर्घकाळ काम केले आहे. शाळेत जाण्याआधीच्या वयाची मुले प्रामुख्याने दिसण्याला घाबरतात आणि मोठी मुले जे घडू शकेल त्याच्या कल्पनेला घाबरतात, असे तिला आढळले. हल्कच्या दूरचित्रवाणी मालिकेचे तिचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तो हिरवा, अक्राळविक्राळ झाल्यानंतर लहान मुले सर्वांत जास्त घाबरत, जरी त्या रूपात तो लोकांना वाचवतच असे. मोठ्या मुलांना मात्र त्याआधीचा, कोणीतरी संकटात सापडल्याचा भाग अधिक भीतिदायक वाटे. ‘झपाटलेला’ या दृष्टीने पाहिला, तर लहानांना बाहुल्याचा चेहरा पुरेसा आहे, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ‘माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही’ ही गोष्ट पुरेशी आहे. माळ्यावरची पेटी यांना सहाव्या वर्षी या दोन्ही भीती एकदम भेटलेल्या दिसतात.

‘हे खरे नसते रे’ ही समजूत सात-आठ वर्षांच्या पुढे उपयोगी पडते. त्याआधी मांडी, दिवा आणि पाणी यांचाच उपयोग होतो. म्हणून रामदास पाध्ये यांनी तो बाहुला कसा घडवला, बोलक्या बाहुल्यांच्या मागे शब्दभ्रमकाराचा हात आणि आवाज कसा असतो, हे आधी दाखवावे अशी सूचना येथे कोणी करणार असेल, तर ती मोठ्या मुलांसाठी उत्तम आहे. बालवाडीच्या मुलाला बाहुल्याच्या पोटातला हात दाखवला, तर त्याला त्या हाताचीही भीती वाटण्याचा संभव आहे.

आता हसण्याविषयी. विनोदी चित्रपट तपासताना मी प्रत्येक मोठ्या हशाच्या ठिकाणी एकच प्रश्न विचारते, की येथे नेमके कोणाला हसले जात आहे, आणि ते पात्र ज्या कारणासाठी हास्यास्पद ठरले ते कारण माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाकडे आहे का. ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचूच्या साथीदाराचे नाव कुबड्या खवीस आहे. लहानपणी आपण ते नाव गमतीने घेतले, मीही घेतले. पण दुष्ट माणसाची ओळख म्हणून त्याच्या पाठीचे कुबड पुरेसे ठरते, ही गोष्ट मुले चित्रपटातून न बोलता उचलतात आणि शाळा सुरू झाली की तिचा उपयोग करतात. चित्रपटातील एकही शिवी माझ्या वर्गात आलेली मला आठवत नाही. टोपणनावे मात्र दरवर्षी येतात, आणि ती मधल्या सुट्टीत चिकटली की दहावीपर्यंत निघत नाहीत.

‘बनवाबनवी’कडे या नजरेने पाहिले, तर तो बराच निर्मळ ठरतो. भाड्याने खोली मिळत नाही म्हणून दोन तरुणांना बायका व्हावे लागते, आणि हसू येते ते त्यांच्या धांदलीचे. साडी सावरत नाही, आवाज मध्येच फुटतो, खोटे लपवण्यासाठी त्याहून मोठे खोटे बोलावे लागते. हे सगळे मुलांना चटकन कळते, कारण तुटलेल्या काचेविषयी खोटे बोललेल्या मुलाची अवस्था ही सगळी बनवाबनवी रचणाऱ्या धनंजय मानेपेक्षा फारशी वेगळी नसते. साडीतला पुरुष हाच विनोद आहे असे एखाद्या मुलाला वाटू शकते आणि त्यावर घरी दोन शब्द बोलायला हरकत नाही, पण त्या चित्रपटात फजिती होते ती सोंग घेणाऱ्यांची, बायकांची नव्हे.

तरीही दोन ठिकाणी तयारी ठेवावी. डोहाळेजेवणाचा प्रसंग आणि ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे गाणे सुरू झाले की, पार्वती, म्हणजे साडी नेसलेले बेर्डे, खरी बाई नाही हे ठाऊक असलेली सात वर्षांची मुले ‘मग बाळ कुठून येणार?’ असे खणखणीत आवाजात विचारतात. माझ्या भाचीने भरल्या दिवाणखान्यात विचारले होते. प्रश्न वाईट नाही, पण शेजारी कोण बसले आहे याचा विचार आधी केलेला बरा. दुसरे म्हणजे, नायकांपैकी काही जण ज्या मुलींवर प्रेम करतात त्यांच्याशीही खोटे वागतात आणि शेवटी सगळे गोड होते. यावर अकरा-बारा वर्षांच्या मुलींशी नंतर बोलता येईल, आणि त्या स्वतःहूनही बोलतील असा माझा अंदाज आहे.

बरेचसे विनोद धाकट्यांच्या डोक्यावरून जातील हेही लक्षात घ्या. घरमालकाचे सत्तर रुपये ‘वारले’ यावर आपण लोटपोट होतो, पण ‘वारणे’ हे क्रियापद हल्लीच्या मुलांनी किती वेळा ऐकले असेल?

राहूनच गेले, द्व्यर्थी विनोदाविषयी. दादा कोंडके यांच्या चित्रपटांवरून सेन्सॉरशी झालेले वाद सर्वश्रुत आहेत. त्यांच्या संवादांचे कौशल्य असे की, सरळ अर्थ घेतला तर बोट ठेवायला जागा सापडत नाही. मूल नेमका तो सरळ अर्थच ऐकते, त्यामुळे एकट्याने पाहिले तर त्याला बहुधा काहीच कळत नाही. गडबड होते ती सभोवतालच्या मोठ्यांच्या हसण्याने. येथे काहीतरी विशेष होते आणि ते आपल्यापासून लपवले गेले, हे त्याला त्या हशावरून समजते, आणि मग तेच वाक्य ते पाहुण्यांसमोर म्हणून पाहते. म्हणून गच्चीवर, तीस मोठ्यांच्या घोळक्यात दाखवायचा चित्रपट आणि घरी दाखवायचा चित्रपट यांची तपासणी मी वेगवेगळी करते.

ओळखीचा परदेशी:

मी न्यू जर्सीत राहतो. येथील एका घटनेची भर घालतो, कारण ‘विनोदी आहे ना, मग तपासायचे काय?’ या काकांच्या प्रश्नाला अमेरिकेत 1984 साली उत्तर मिळाले होते.

त्या उन्हाळ्यात ‘ग्रेमलिन्स’ नावाचा चित्रपट आला. गोंडस, केसाळ प्राणी, नाताळचे दिवस आणि भरपूर विनोद असल्यामुळे पालक लहान मुलांना घेऊन गेले, आणि मग त्या गोंडस प्राण्यांचे उपद्रवी राक्षस झाले. त्यांतला एक स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये संपतो आणि एक मायक्रोवेव्हमध्ये. चित्रपटाला ‘पीजी’, म्हणजे पालकांनी विचार करावा एवढेच सांगणारे प्रमाणपत्र होते. त्याच सुमारास आलेल्या इंडियाना जोन्सच्या दुसऱ्या चित्रपटावरही तशाच तक्रारी झाल्या, आणि त्या वर्षीच्या जुलैपासून ‘पीजी-13’ ही नवी वर्गवारी सुरू झाली. दोन्ही चित्रपटांशी संबंधित असलेल्या स्टीव्हन स्पिलबर्ग यांनीच मधल्या वर्गवारीची सूचना केली होती. म्हणजे ज्या चित्रपटांमुळे अमेरिकेला नवी पायरी बांधावी लागली, त्यांपैकी एक विनोदी होता.

येथील मराठी मुलांना ‘झपाटलेला’ दाखवण्याचा प्रयत्न मी स्वतः केला आहे. तात्या विंचूला कोणी फारसे घाबरले नाही, कारण अर्ध्या संवादांना मी मध्येमध्ये थांबवून अर्थ सांगत होतो, आणि अर्थ सांगत पाहिलेल्या चित्रपटात ना भीती उरते ना हसू. त्या अनुभवावरून एवढे सांगतो की, काय दाखवायचे ते आधी ठरवा आणि एकदा सुरू केल्यावर गप्प बसा.

गच्चीवरची:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण मधल्या काळात मी दोन्ही चित्रपट पुन्हा पाहिले. या वेळी माझ्या मुलीला शेजारी बसवले आणि वही तिच्या हातात दिली.

‘झपाटलेला’ तिला आवडला. वहीत तिने चार ठिकाणी खुणा केल्या होत्या आणि त्यांतली एकही बाहुल्याच्या चेहऱ्यासाठी नव्हती. चारही ठिकाणी लक्ष्या काही सांगू पाहतो आणि मोठी माणसे ऐकत नाहीत. फळा आणि खडू ताईंचा प्रतिसाद मी तिला तोपर्यंत दाखवला नव्हता, हे मुद्दाम नमूद करते.

कुबड्या खवीसाविषयी मात्र मला वेगळ्या कारणाने थांबावे लागले. आमच्या शेजारच्या इमारतीत दहा वर्षांची एक मुलगी आहे. तिच्या कण्याला बाक असल्यामुळे ती दिवसभर पाठीला पट्टा लावते आणि गच्चीवरच्या कार्यक्रमांना नेहमी येते. हा चित्रपट मी शंभर वेळा पाहिला असेल, त्या मुलीशी रोज लिफ्टमध्ये बोलते, पण ताईंचा प्रतिसाद वाचेपर्यंत या दोन गोष्टी माझ्या मनात कधी एकत्र आल्या नव्हत्या. तिच्या आईला मी सरळ विचारले. त्या म्हणाल्या, ‘चित्रपट दाखवा हो, ती बघेल आणि हसेलही. रविवारी सकाळी मुले खाली खेळायला उतरतील तेव्हा तिला कोणत्या नावाने हाक मारतील, एवढेच बघा.’

त्यामुळे शनिवारी ‘अशी ही बनवाबनवी’ दाखवायचे ठरले आहे. जुना प्रेक्षक काका, तुमच्या मताला मान देऊन तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी ‘झपाटलेला’ दिवाळीच्या सुट्टीत कोणाच्या तरी घरी लावावा, असे सुचवले आहे. त्याविषयी त्या वेळी पाहू. नियमावलीवाला यांच्या सूचनेप्रमाणे चित्रपट उपलब्ध असलेल्या मंचावर वयाची नोंद आणि तिची कारणे पाहिली आणि पालकांच्या गटात पाठवली. चित्रपट सात वाजताच सुरू करणार आहोत, म्हणजे धाकट्यांना शेवट पाहायला मिळेल. पहिली पंधरा-वीस मिनिटे पडदा फिकट दिसला तरी चालेल असे ठरले. जिन्याजवळचा दिवा चालू राहील. मोठ्यांच्या खुर्च्या या वेळी मुलांच्या मागे न ठेवता टाकीच्या पलीकडे ठेवल्या आहेत, आणि त्याचे कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला मी दादा कोंडके यांच्याविषयीचा परिच्छेद वाचून दाखवते.

एक प्रश्न अजून शिल्लक आहे. काल घरी डोहाळेजेवणाचे गाणे लागले, तेव्हा माझ्या मुलाने अपेक्षित प्रश्न विचारलाच नाही. ‘पार्वती खोटी आहे हे त्या आजीला शेवटी कळल्यावर तिला वाईट वाटलं का?’ असे त्याने चित्रपटातल्या घरमालकिणीविषयी विचारले. मी ‘शेवटपर्यंत बघ’ म्हणून वेळ मारून नेली. पंचवीस मुलांपैकी आणखी कोणी हेच विचारले, तर तुम्ही काय सांगाल?

फळा आणि खडू:

‘तुला काय वाटतं?’ असे विचारीन, आणि चित्रपटातील आजी शेवटी काय म्हणते ते त्यालाच नीट ऐकून येऊन मला सांगायला लावीन.